सतरा नंबरची हजेरी

कुडाळहून नाशिकला माणसं जातात ती त्र्यंबकेश्वरला, नाहीतर कोणाच्या तरी लग्नाला. मी गेले ती तीस वाक्यं घेऊन. धाकट्या बहिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "रिटायर झालंस मगे, आता गप घराक बस." पण एकतीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवल्यावर घरात गप बसणं मला काही जमलेलं नाही.

पुण्यातल्या एका शैक्षणिक संस्थेचं काम होतं. नववीच्या मुलांना आपला वर्ग कसा वाटतो, हे मोजायचं. 'शिक्षक माझं म्हणणं ऐकून घेतात', 'प्रश्न विचारायची मला भीती वाटत नाही' अशी तीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी: नेहमी, बहुतेकदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. प्रत्येक वाक्याला दोनदा खूण करायची, एकदा वर्ग आहे कसा यासाठी आणि एकदा असावा कसा यासाठी. खाली दोन ओळी कोऱ्या. नाव लिहायचं नाही, फक्त हजेरी क्रमांक. शिक्षकांनी वर्गाबाहेर थांबायचं, आणि मुलांची उत्तरं शाळेत कोणाला दाखवायची नाहीत, असा मी प्रत्येक वर्गात शब्द द्यायचा.

माझा मोजलेल्या गोष्टींवर विश्वास आहे. भुतंखेतं, चाहूल, भास हे सगळं आमच्या कोकणात पैशाला पासरी मिळतं. मी त्यातलं आजवर काही घरात घेतलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना बाई हळवी आहे असं कोणी म्हणायला नको.

गुरुवार, एकलहरे

नाशिक रोडला उतरले तेव्हा थंडीनं दात वाजत होते. जानेवारीतली थंडी म्हणजे आमच्याकडे सकाळी जरा शाल. इथे लोक कानाला मफलर गुंडाळून चहाच्या गाडीभोवती उभे होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. संस्थेनं ठरवलेली गाडी घेऊन बाळूभाऊ आले होते. पन्नाशीचे, एकलहऱ्याचेच, आधी वीज केंद्रात कंत्राटावर होते. त्यांनी मला पहिल्या मिनिटाला 'ताई' केलं.

केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात आणि कितीही जवळ गेलं तरी तेवढ्याच लांब वाटतात. बाळूभाऊंनी गाडीच्या काचेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. राखाडी, पिठासारखं मऊ. "राख. आमाला आता दिसत बी नाय," ते म्हणाले.

तिथल्या शाळेत चाळीस मुलं माझ्यापुढे अगदी सरळ बसली होती. बारा मिनिटांत सगळ्यांचे कागद परत. पाहते तर चाळीसही कागदांवर पहिल्या चौकटीत खुणा, वरपासून खालपर्यंत, फूटपट्टी लावल्यासारख्या. आम्ही मुद्दाम दोन उलटी वाक्यं घातली होती. 'आमच्या वर्गात मुलांना बोलू दिलं जात नाही.' नेहमी. चाळीसही जणांचं नेहमी.

आदल्या दिवशी कोणीतरी सराव घेतला होता, हे उघड होतं. मुख्याध्यापकांनी हसत विचारलं, "कितीचा निकाल लागला, मॅडम?" याला निकाल नसतो हे मी त्यांना तीनदा सांगितलं. आपल्याकडे कागद आला की परीक्षा आणि पाहुणा आला की तपासणी. मीही नोकरीत हेच केलंय, त्यामुळे रागवायला तोंड नव्हतं. पण ते चाळीस कागद पिशवीत भरताना मला कसंतरीच झालं. चाळीस मुलांना विचारलं होतं आणि आतून कोणीच उत्तर दिलं नव्हतं.

शुक्रवार, लासलगाव

लासलगावनं मन ताळ्यावर आणलं. बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगा, लिलावाची हाळी, जमिनीवर कांद्याच्या सालींचा थर. त्या सालींवरून मी घसरले, चपलेचा अंगठा तुटला आणि उरलेला दिवस बाळूभाऊंनी आणून दिलेल्या पुरुषी चपला घालून काढला. मिसळ खाल्ली. आमच्याकडे कशातही नारळ, इथे कशातही कांदा, आणि दोघांनाही वाटतं की जगात दुसरं काही असूच नये.

तिथली मुलं बाजाराशेजारी वाढलेली. 'नेहमी' आणि 'बहुतेकदा' यांच्या मधलं काही मिळेल का, असं एकीनं विचारलं. एकानं वाक्य बावीसशी आपलं पटत नसल्याचं उभं राहून जाहीर केलं. कागद परत आले ते खाडाखोड केलेले, चुरगळलेले, प्रत्येक वेगळा. मी खूश झाले. उद्याचं गावही असंच असेल, असं मनाशी धरून झोपले.

शनिवार, सायखेड्याच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही. सायखेड्यावरून पुढे गोदावरीच्या काठाकाठानं जायचं, एवढं पुरे.

शनिवारी सकाळची शाळा. साडेसातला पोचायचं होतं आणि नदीवरून धुकं असं उठलं होतं की बाळूभाऊ काच खाली करून, डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव होते म्हणे. मला फक्त खांब दिसत होते, जवळ आले की दिसायचे आणि लगेच नाहीसे व्हायचे. नदी दिसली नाही. नुसती कळत होती, ओल्या मातीच्या वासावरून.

शाळेत प्रार्थना चालली होती. धुक्यातून आवाज येत होता, मुलं दिसत नव्हती. मग हळूहळू रांगा उमटल्या. नववीची एकच तुकडी. वर्गशिक्षक गांगुर्डे सर, चाळिशीचे, स्वेटरच्या बाह्या ताणून बोटांपर्यंत आणलेल्या. सभ्य, मऊ बोलणारे. "आमची पोरं फार शांत आहेत, मॅडम. त्रास नाही देणार."

खरंच शांत होती. मी एवढी वर्षं वर्गात काढलीत, शांततेचे प्रकार मला ओळखता येतात. भीतीची वेगळी, कंटाळ्याची वेगळी. ही यातली नव्हती. ही मुलं माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी काहीतरी बोलायचं विसरले आहे आणि ते मला आठवेपर्यंत ती थांबणार आहेत.

सरांनी हजेरी घेतली. खुर्चीत बसून, मान खाली घालून, पेन कागदावर टेकवून. मुलगे अकरा नंबरपर्यंत, पुढे मुली.

"पंधरा."

"हजर सर."

"सोळा."

"हजर सर."

"सतरा."

"हजर सर."

मी फळ्याजवळ उभी होते, सगळे चेहरे माझ्यासमोर होते. एकाचेही ओठ हललेले मला दिसले नाहीत. आवाज बारीक होता, मुलीचा म्हणावा असा, पण तो कुठल्या एका बाकावरून आला नाही. वर्गाच्या सगळ्या बाजूंनी थोडा थोडा आला. सरांनी खूण केली आणि अठरा म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही.

मुलींच्या दुसऱ्या बाकावर दोघी बसल्या होत्या, दोन टोकांना. मध्ये एका मुलीची जागा. इतक्या थंडीत मुली अशा बसत नाहीत, एकमेकींना चिकटून बसतात. त्या दोघींनी मधे दप्तरही ठेवलं नव्हतं.

सर बाहेर गेले. मी पटावरच्या संख्येइतके, म्हणजे वीस कागद पहिल्या बाकावर दिले आणि मागे पाठवायला सांगितलं. मग सवयीनं डोकी मोजली. एकोणीस. परत मोजली. एकोणीस. एक कागद कोरा परत येईल, असा मी हिशेब केला.

मुलं लिहीत असताना कागद फार इकडून तिकडे सरकत होते. नक्कल करतायत असं वाटून मी दोनदा डोळे वटारले. कोणी दचकलं नाही. पाऊण तासानं गठ्ठा माझ्या हातात आला. मी मोजायला लागले आणि एकोणीस तोंडं माझ्या बोटांकडे बघत राहिली.

वीस कागद होते. वीसही भरलेले.

गणिताच्या बाईला याहून वाईट काही दाखवता येणार नाही. मी तीनदा मोजले.

गाडीत येऊन बसले तर बाळूभाऊ बाहेरच उभे. ते वर्गाच्या खिडकीखाली बिडी ओढत होते म्हणे. "ताई, हजेरी चालली व्हती तवा एक आवाज आला बगा. सतराला. त्यो एका मान्साचा नव्हता." मी त्यांना म्हटलं, गप्प बसा. मग सतरा नंबरचा कागद शोधून काढला.

खुणा निळ्या, काळ्या, पेन्सिलीच्या, एक हिरव्या जेल पेनाची. काही ठसठशीत, काही घाबरत केलेल्या. प्रत्येक वाक्याला हात वेगळा. बाकीचे एकोणीस कागद मी नंतर पाहिले, ते एकलहऱ्यासारखेच गोडगोड होते. खरं काय ते सगळ्यांनी मिळून या एकाच कागदावर लिहिलं होतं. 'शिक्षक माझं म्हणणं ऐकून घेतात.' कधीच नाही. 'मी आले नाही तर वर्गात कोणी चौकशी करतं.' कधीच नाही. शेजारच्या, कसा असावा या रकान्यात, दोन्हीला नेहमी.

खालच्या दोन ओळी भरल्या होत्या. एकेक शब्द एकेका अक्षरात, कोणाचा तिरपा, कोणाचा मोत्यासारखा.

'मी दिवाळीपासून इथे नाही. माझं लग्न लावलं. सर वर बघत नाहीत.'

मला त्या क्षणी भीती वाटली. साधी, पोटातली भीती, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. काचेवर टकटक झालं तेव्हा मी ओरडलेच असते. बाहेर एक मुलगी उभी होती, दुसऱ्या बाकाच्या टोकावरची. तिचं नाव अनुजा.

"मॅडम, मोजलं ना तुमी?"

"मोजलं."

"आमाला वाटलंच. इथं येत्यात ते समदे वही मोजत्यात. डोकी कोनी मोजत नाय."

सतरा नंबरची मुलगी कोण, ते तिनं सांगितलं. मनीषा, वय चौदा. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांनी सटाण्याकडच्या एका गावात तिचं लग्न लावलं. सुट्टीनंतर सरांनी नेहमीप्रमाणे सतरा म्हटलं आणि कोणीतरी घाबरून हजर म्हणून गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी. मग सगळेच.

"का पण?"

"हजर नाय म्हनलं तर सर तिचं नाव काडतील. मंग ती गेलीच ना. आनि आमाला वाटलं, कवातरी सर वर बगतील, कोन बोललं ते. तवा कळंल त्यास्नी." तिनं शाळेकडे वळून पाहिलं. "नाय बगितलं."

"हा कागद मी कोणाला दाखवणार नाही असं सांगितलंय."

"कागद नका दावू," ती म्हणाली. "पन सांगा."

गांगुर्डे सरांनी जेवायला बोलावलं होतं. पाटावर बसवलं, ताटात गरम शेंगोळी वाढली. हुलग्याच्या पिठाची वळलेली वेटोळी, लसणाच्या रश्शात. म्हणजे आमचे कुळीथच. आम्ही त्याची पातळ पिठी करतो आणि भाताबरोबर भुरकतो. एरवी मी दोनदा मागून घेतली असती. त्यांची बायको आत गेल्यावर मी एवढंच म्हटलं, "सर, आज वर्गात एकोणीस मुलं होती."

त्यांचा हात ताटातच राहिला. नाही म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं.

"बापाला विचारलं होतं मी. मामाकडं आहे म्हणाला. पुढं नाही विचारलं." मग ताट बाजूला सरकवून, "वीसच्या खाली पट गेला तर तुकडी जाते की काय, अशी टांगती तलवार आहे, मॅडम. तुकडी गेली की ही पोरं सायखेड्याला. मुलगे जातील. मुलींना कोण पाठवणार एवढ्या लांब? आणखी आठ लग्नं होतील. एका पोरीसाठी आठ जणी घालवू?"

"आणि तुमची नोकरी?"

"ती पण," ते म्हणाले. "ती पण आहेच."

मी त्यांना विचारलं की मुलांना हजर म्हणायला त्यांनी शिकवलं का. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "देवाशपथ नाही. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सवयीनं नंबर घेतला आणि आतून आवाज आला. मॅडम, मला वाटलं, ती आली. मग वाटलं, बघू नये. अजून वाटतं रोज. बघितलं तर तिथं कोण असेल?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीही अनेकदा केलेलं आहे. निरीक्षक यायचे तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरं आणून बसवलेली मला आठवत होती. पण त्या पोरांपैकी कोणी हरवलेलं नव्हतं. माझी शेंगोळी गार झाली. सरांना मी सांगितलं की मी हे कळवणार आहे. ते म्हणाले, "कळवा." अगदी हळू म्हणाले.

संध्याकाळी लॉजवर पोचताच मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला.

सोमवार, पुन्हा तिथेच

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला ठेवायची मला हौस नाही, म्हणून आधीच सांगते. मनीषा सापडली. आता ती नाशिकमध्ये मुलींच्या एका वसतिगृहात आहे आणि तिथल्या शाळेत जाते. पण सोमवारी सकाळी आमच्यापैकी कोणालाच हे ठाऊक नव्हतं, आणि मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं.

गावातल्या अशा लग्नांची चौकशी ग्रामसेवकांकडे असते. ते आले होते, सोबत एक महिला पोलीस. मनीषाच्या वडलांना शाळेत बोलावलं होतं. राक्षस वगैरे काही नाही, साधा माणूस, डोक्यावर टोपी, हात जोडलेले. गावात विचारलं तर कोणी लग्न पाहिलं नव्हतं, कोणी पत्रिका वाचली नव्हती, मांडव तर कोणाच्याच स्वप्नात नव्हता.

"लगीन कुठलं, साहेब?" वडील म्हणाले. "पोरगी शाळंत येती रोज. दोन दिस झाले मामाकडं गेलीया. हजेरी बगा ना. वही खोटं बोलंल का?"

ग्रामसेवकांनी हजेरीपट उघडला. मी शेजारून पाहिलं. सतरा नंबरची ओळ दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवसापासून शनिवारपर्यंत सलग भरलेली होती, एकही खाडा नाही. वर्गात इतकी नियमित मुलगी दुसरी नव्हती. ग्रामसेवकांनी सरांकडे पाहिलं आणि खांदे उडवले. "सर, कागदावर तर रोज हजर आहे. मग तक्रार कशाची?"

माझ्याकडे तो कागद होता, पर्समध्येच. पण मी मुलांना शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर एकोणीस पोरांच्या चोरट्या अक्षरापुढे शाळेचा शिक्का कोणीही उचलून धरला असता. त्या मुलीपर्यंत जायची वाट त्या एका ओळीनं बंद केली होती. ती ओळ खोटी आहे हे सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि सांगितलं तर त्याचं काय होणार हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. सर माझ्याकडे बघत नव्हते. कोणाकडेच बघत नव्हते.

मग त्यांनी वही उचलली. "वर्गात चला," म्हणाले.

आम्ही सगळे मागे जाऊन भिंतीशी उभे राहिलो, मी, ग्रामसेवक, ती पोलीस बाई आणि वडील. बाहेर धुकं नव्हतं, पांढरं ऊन होतं, तरी वर्ग थंडगार होता. सर आज खुर्चीत बसले नाहीत. उभं राहून त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौदा, पंधरा. सोळा नंबर म्हणजे अनुजा, ती हजर म्हणाली.

"सतरा," सर म्हणाले, आणि त्यांनी मान वर केली.

मला वाटलं होतं, आवाज येईल. कोणी बोललं नाही. एकोणीस मुलं सरांकडे बघत होती आणि सर दुसऱ्या बाकावरच्या त्या मोकळ्या जागेकडे. किती वेळ, ते मी मोजलेलं नाही. मोजायचं राहून गेलं असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालंय.

"सतरा नंबर गैरहजर," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता, पण मागच्या भिंतीपर्यंत आला. "साहेब, लिहून घ्या. आज नाही. दिवाळीपासून नाही. या खुणा माझ्या आहेत आणि खोट्या आहेत."

वडील भिंतीला टेकून खाली बसले. पोलीस बाईनं डायरी काढली आणि सटाण्याकडचं गाव कोणतं, ते विचारलं. या वेळी वडलांनी सांगितलं.

तुकडीचं काय होणार, ते अजून ठरलेलं नाही. सरांची चौकशी चालू आहे. परवा कुडाळला त्यांचा फोन आला होता, पोरीला शाळेतच राहू द्या असं अनुजाच्या वडलांना समजवायला गेलो होतो म्हणाले. माझ्या पुण्याच्या अहवालात त्या शाळेपुढे मी एकोणीस लिहिलं आणि सतरा नंबरचा कागद वेगळा ठेवला. तो कोणत्या सरासरीत घालायचा, हे मला कळत नाही.

पण नाशिक म्हटलं की मला दिसतं ते असं. वडील गाव सांगतायत, ग्रामसेवक लिहितायत, आणि गांगुर्डे सर टेबलाशी उभे राहून लाल पेनानं सतरा नंबरच्या ओळीतली एकेक खूण कापतायत आणि शेजारी सही करतायत. शनिवार. शुक्रवार. गुरुवार. मग पान उलटून डिसेंबर, मग नोव्हेंबर. दिवाळीपर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला, आणि तोवर वर्गातलं एकही मूल जागचं हललं नाही.